लुगड्याची गोधडी होते, रबराचं काय होतं?



पावसाळ्यात सरपण ओलं असतं आणि चूल पेटता पेटत नाही. अशा वेळी आपल्याकडे काय करतात, ते मी वेगळं सांगायला नको. सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा शोधायचा, नाहीतर तुटक्या चपलेचा, आणि त्याला काडी लावायची. रबर भडकन पेटतं, त्याच्यावर सरपण धरतं. काम होतं, पण घरभर काळा धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं, घसा चरचरतो. माझी आई अशीच चूल पेटवायची. मीही कितीतरी वर्षं तशीच पेटवली. हा धूर लाकडाच्या धुरापेक्षा वेगळा का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

पडला तेव्हा उत्तर शोधत शोधत मी फार लांब जाऊन पोचले. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये, आफ्रिकेच्या जंगलात, अमेरिकेतल्या पेट्रोल पंपावर. आपण चुलीत घालतो त्या तुकड्याला एवढा मोठा इतिहास आहे, आणि त्यात बायकांनी सोसलेलंही बरंच आहे. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

कातरणातून निघालेला धंदा

रबर म्हणजे मुळात झाडाचा चीक. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, फणस कापला की हाताला चिकटतो, तसाच. रबराचं खरं झाड दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलातलं. तिथले मूळ रहिवासी सालीला चिरा देऊन चीक काढायचे, धुरावर सुकवायचे आणि त्याचे चेंडू, बाटल्या, जोडे बनवायचे. गोऱ्या लोकांना ही विद्या त्यांच्याकडूनच मिळाली.

युरोपात पहिल्यांदा त्याचा उपयोग काय झाला? शिसपेन्सिलीचं लिहिलेलं खोडायला! १७७० साली जोसेफ प्रीस्टली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ही गोष्ट नोंदवून ठेवली. इंग्रजीत घासण्याला ‘रब’ म्हणतात, म्हणून घासणारं ते ‘रबर’. आपली पोरं दप्तरात खोडरबर ठेवतात, तेच या वस्तूचं जुनं काम.

आता लंडनमध्ये थॉमस हॅनकॉक नावाचा एक कारागीर होता. त्याने १८२० साली रबराच्या बारीक पट्ट्या कापून हातमोज्यांना, जोड्यांना, कपड्यांना लावायला सुरुवात केली. आपण परकराला इलास्टिक घालतो ना, त्याची ही सुरुवात म्हणा. ब्राझीलहून रबर बाटल्यांच्या आकारात यायचं. त्याच्या पट्ट्या कापल्या की भरपूर कातरण उरायचं. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे दुःख कळेल. कापड महाग आणि निम्मं जमिनीवर पडलेलं!

हॅनकॉकने विचार केला, हे तुकडे आणखी बारीक करून बघू. त्याने एक लाकडी यंत्र बनवलं. पोकळ नळकांडं, आत दातेरी रूळ, बाहेर फिरवायला दांडा. तुकडे आत टाकले आणि फिरवायला लागला. वाटलं होतं की भुगा होईल. उघडून बघतो तर काय, दाबाने आणि उष्णतेने सगळे तुकडे एकमेकांत मिसळून कणकेसारखा एक गोळा झालेला! त्या गोळ्याची पत्री काढता येत होती, ठोकळा करता येत होता. यंत्राची युक्ती कुणाला कळू नये म्हणून त्याने त्याला ‘लोणचं’ अशा अर्थाचं खोटंच नाव दिलं आणि कित्येक वर्षं ते गुपित ठेवलं.

म्हणजे बघा मैत्रिणींनो, रबराचा मोठा कारखानदारी धंदा उभा राहिला तो उरलेलं कातरण फुकट जाऊ नये म्हणून केलेल्या खटपटीतून. आज आपण जुनं रबर परत वापरण्याला नवी गोष्ट समजतो. ती या धंद्याच्या जन्माइतकी जुनी आहे.

चुलीवर पडलेलं रबर

पण या कच्च्या रबरात एक खोट होती. उन्हाळ्यात ते गुळासारखं पाघळायचं आणि थंडीत दगडासारखं व्हायचं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाचा एक माणूस या खोटीमागे अक्षरशः वेडा झाला. कर्जापायी तुरुंगात गेला. घरातल्या चीजवस्तू विकल्या. बायको-मुलांनी हालअपेष्टा सोसल्या. तो घरातच, स्वयंपाकाच्या जागी, रबरात हे मिसळ, ते मिसळ असे प्रयोग करायचा. सरकारला टपालाच्या रबरी पिशव्या करून दिल्या, त्याही उन्हाळ्यात पाघळल्या.

१८३९ साली गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापल्या चुलीला लागला. तो पाघळला नाही. कातड्यासारखा चिवट झाला, आणि थंडीतही लवचिक राहिला. गुडइयरने पुढे पाच वर्षं खपून ही कृती पक्की केली आणि १८४४ साली पेटंट घेतलं. तरी तो १८६० साली मेला तो कर्जातच. त्याच्या नावाची मोठी टायर कंपनी आज आहे, पण ती त्याच्या मरणानंतर अडतीस वर्षांनी दुसऱ्याच लोकांनी काढली. त्याच्या घरच्यांचा तिच्याशी संबंध नव्हता.

आता ही गंधकाची जादू काय आहे, ते समजून घेऊ, कारण आपल्या धुराचं उत्तर तिथेच आहे. कच्चं रबर म्हणजे शिजलेल्या शेवयांचा ढीग समजा. शेवया एकमेकींवरून घसरतात. गरम झालं की ढीग पसरतो. गंधक घालून तापवलं की तो गंधक शेवयांना जागोजागी गाठी मारतो. मग ढिगाची जाळी होते. जाळी ताणली तर ताणते आणि सोडली की जागेवर येते. आपल्या चपलेचा तळवा, सायकलची टायर, प्रेशर कुकरची रिंग, ही सगळी अशी गाठी मारलेली जाळी.

फायदा मोठा झाला, पण कातरणवाल्यांचा मार्ग बंद झाला. हॅनकॉकच्या यंत्रात कच्च्या रबराचे तुकडे मिसळून एक व्हायचे. गाठी बसलेलं रबर काही केल्या मिसळेना. दुधाला विरजण लावलं की दही होतं, पण दह्याचं परत दूध होत नाही. तशीच गत.

जुन्या जोड्यांचे फेरीवाले

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्या गाठी सोडवायच्या कशा, यावर पुष्कळ डोकी चालली. त्या काळी टायर नव्हत्या. घराघरात रबर असायचं ते पावसाळी जोड्यांच्या रूपात. चिखलात आणि बर्फात जायला कातडी बुटांवरून रबरी जोडे घालायचे. ते फाटले की दारावर फेरीवाले येत आणि चिंध्या, हाडं, बाटल्या यांच्याबरोबर जुने जोडेही घेऊन जात. आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, कोणी तुटक्या बादल्यांवर लसूण देतो, तसाच तो व्यवहार. अमेरिकेतल्या कारखान्यांना जुन्या रबराचा मोठा पुरवठा या घरगुती जोड्यांतूनच व्हायचा.

१८५८ साली हायरम हॉल नावाच्या अमेरिकन माणसाने जुनं रबर दळून वाफेवर तापवायची रीत काढली. पण जोड्यांना आतून कापडी अस्तर असे, आणि ते रबराला घट्ट धरून बसे. १८८१ साली चॅपमन मिचेल याने तो भुगा गंधकाच्या तेजाबात उकळला. तेजाबाने कापड खाल्लं, रबर तसंच राहिलं. मग १८९९ साली आर्थर मार्क्स याने तेजाबाऐवजी कॉस्टिक सोडा घेतला. हो, साबण करणाऱ्या गटांतल्या बायकांना माहीत असलेला तोच कॉस्टिक सोडा. बंद भांड्यात, दाबाखाली, कुकरसारखं तासन् तास शिजवायचं. त्यात कापड विरघळतं, मोकळा राहिलेला गंधकही निघून जातो, आणि रबर मऊ पडतं. मग धुवायचं, सुकवायचं, रुळांतून काढून त्याच्या चादरी करायच्या. या मालाला धंद्यात ‘रिक्लेम’ म्हणतात. म्हणजे परत मिळवलेलं रबर.

पण एक लक्षात ठेवा. या शिजवण्यात गाठी सुटतात तशा शेवयाही तुटतात. सगळ्या गाठी काही सुटत नाहीत. म्हणून परत मिळवलेलं रबर नव्याइतकं दमदार नसतं. आपण जुन्या लुगड्याची गोधडी करतो. गोधडी ऊब देते, वीस वर्षं टिकते, तिची किंमत कमी नाही. पण गोधडीचं परत लुगडं होत नाही. रिक्लेमचं असंच आहे. ते चपलेच्या तळव्याला चालतं, पायपुसण्याला, नळीला, बॅटरीच्या डब्याला चालतं. नव्या टायरमध्ये थोडं मिसळता येतं, पण नुसत्या रिक्लेमची टायर रस्त्यावर टिकत नाही. हे जाणून जो धंदा करतो तो तरतो.

ज्या बायकांना ओलीस धरलं

एव्हाना टायर आली होती. १८८८ साली आयर्लंडमधल्या बेलफास्टला जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेची टायर केली. सायकली धावायला लागल्या, मागोमाग मोटारी आल्या. जगाला रबर कमी पडायला लागलं आणि किंमत चढत गेली.

ही किंमत कुणी मोजली, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आफ्रिकेत काँगो नावाचा देश आहे. १८८५ पासून तो बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने स्वतःची खासगी जहागीर करून टाकला होता. तिथल्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावागावाला ठरवून दिलं होतं की इतकं रबर आणलंच पाहिजे. पुरुषांनी जंगलात जावं म्हणून शिपाई काय करायचे? गावातल्या बायकांना धरून कोंडून ठेवायचे. नवऱ्याने रबर आणलं तर बायको सुटणार. कोंडवाड्यात उपासमार, मारहाण, अत्याचार. कित्येक जणी तिथेच मेल्या. शेती करणाऱ्या बायकाच कोंडल्या तर पेरणार कोण? गावं उपाशी पडली. रबर कमी भरलं तर माणसं मारायचे, हात तोडायचे.

हे जगाला दाखवलं तेही एका बाईने. ॲलिस सीली हॅरिस ही मिशनरी बाई तिथे राहत होती. तिच्याजवळ कॅमेरा होता. १९०४ साली न्साला नावाचा एक बाप पानात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन तिच्या दाराशी आला. ते त्याच्या पाच वर्षांच्या लेकीचा तोडलेला हात आणि पाय होते. ॲलिसने त्या बापाचा फोटो काढला. तो तसा बसलेला आहे, समोर बघतो आहे, अशी ती तसबीर आहे. तिने आणि तिच्या नवऱ्याने असे फोटो इंग्लंड-अमेरिकेत गावोगाव पडद्यावर दाखवले. त्याच साली ब्रिटिश अधिकारी रॉजर केसमेंट याचा अहवालही निघाला. बोंबाबोंब झाली आणि १९०८ साली लिओपोल्डला ती जहागीर सोडावी लागली.

जुन्या जोड्यांतून रबर परत मिळवल्याने काँगोतल्या बायका सुटल्या, असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. रबराची भूक इतकी होती की जुनंही पुरेना आणि नवंही पुरेना. पण एक गोष्ट या इतिहासाने मला शिकवली. वस्तू कुठून येते हे जिला दिसत नाही, ती वस्तू फेकताना तिला काही वाटत नाही.

पुढे रबर जंगलातून मळ्यांत आलं. १८७६ साली हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून सुमारे ७० हजार बिया लंडनला नेल्या होत्या. त्यांची रोपं सिलोन, सिंगापूर, मलायाला गेली. आपल्या केरळातही मळे झाले. मलायाच्या मळ्यांत भारतातून, मुख्यतः तमिळ मुलखातून, मजूर नेले. त्यांत बायका पुष्कळ. पहाटे अंधारात उठून झाडाला चीर द्यायची आणि वाटीत चीक धरायचा. पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमाराला मळ्यांतलं रबर जंगलच्या रबरापेक्षा जास्त झालं. किंमत उतरली. किंमत उतरली तसं जुन्या रबराकडे बघणारे कमी होत गेले.

रेडिओवरची हाक

आता जरा रेडिओची गोष्ट. तुम्ही मला ऐकताय तसंच १९४२ च्या जून महिन्यात अमेरिकेतले लोक रेडिओला कान लावून बसले होते. दुसरं महायुद्ध चालू होतं. जपानने मलाया आणि आजूबाजूची बेटं घेतली होती, फेब्रुवारीत सिंगापूरही पडलं होतं. अमेरिकेला येणाऱ्या नैसर्गिक रबरापैकी शेकडा ९० च्या वर रबर तिकडूनच यायचं. ते एका झटक्यात बंद झालं. आणि लढाईला तर रबर हवंच. विमानाला हवं, ट्रकला हवं, शिपायाच्या बुटाला हवं.

१२ जूनला अध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर बोलले. घरात, गोठ्यात, माळ्यावर जे जुनं रबर असेल ते जवळच्या पेट्रोल पंपावर आणून द्या, अशी त्यांनी हाक दिली. पौंडाला, म्हणजे साधारण अर्ध्या किलोला, एक सेंट मिळणार होता. १५ जूनपासून लोकांची रीघ लागली. जुन्या टायर, बागेच्या नळ्या, रेनकोट, पोहायच्या टोप्या, गरम पाण्याच्या पिशव्या, हातमोजे, पायपुसणी. बायकांनी कमरेचे इलास्टिकचे पट्टेसुद्धा आणून टाकले. पोरं हातगाड्या घेऊन दारोदार फिरली. मोहीम महिनाअखेरीला संपायची होती, ती १० जुलैपर्यंत वाढवली. सुमारे साडेचार लाख टन रबर गोळा झालं. माणशी तीन किलोच्या आसपास.

मग प्रश्न सुटला का? नाही. जमलेल्या ढिगात बरंच रबर आधीच एकदा-दोनदा परत वापरलेलं, झिजलेलं होतं. गोधडीची गोधडी किती वेळा करणार? सप्टेंबरात सरकारने नेमलेल्या समितीने साफ सांगितलं की एवढ्यावर भागणार नाही. मग काय केलं? मोटारीचा वेग ताशी ३५ मैलांवर आणला आणि देशभर पेट्रोलचं रेशनिंग केलं. ऐकून नवल वाटेल, पण त्यामागे मुख्य हेतू पेट्रोल वाचवणं हा नव्हता. गाड्या कमी पळाव्यात आणि टायर कमी झिजावी, हा होता. असलेली वस्तू जपून वापरणं हेच पहिलं, तिला परत वळवणं हे दुसरं. आपली आजी हे न शिकता जाणत होती.

दुसरीकडे खनिज तेलापासून आणि धान्याच्या अल्कोहोलपासून कृत्रिम रबर करायचे कारखाने धडाधड उभे राहिले. दोन-तीन वर्षांत अमेरिकेची बहुतेक गरज त्यातून भागायला लागली.

सोन्याचा उकिरडा

युद्ध संपलं आणि बायकांनी आणून दिलेल्या रबराचं कौतुकही संपलं. कृत्रिम रबर स्वस्त होतं. शिवाय टायरच्या पोटात पोलादी तारा आल्या. तारेची टायर दळायची म्हणजे यंत्राचे दात पडणार. परत मिळवणाऱ्यांचा खर्च वाढला आणि मालाला भाव राहिला नाही. टायर ढिगाने पडायला लागल्या.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात असा एक ढीग होता, काही लाखांचा नव्हे, सुमारे ७० लाख टायरचा. ३१ ऑक्टोबर १९८३ ला त्याला आग लागली. ती जवळजवळ नऊ महिने धुमसत राहिली. वितळून निघालेलं तेल ओढ्यात वाहत गेलं.

दुसरी गोष्ट १९८५ ची. टेक्सासमधल्या ह्यूस्टनला डेंग्यू पसरवणाऱ्या एका पट्टेरी डासाची वस्ती सापडली. हा डास मूळ आशियातला. तो समुद्र ओलांडून कसा गेला? जहाजातून आलेल्या जुन्या टायरमध्ये साचलेल्या पाण्याच्या वाटेने. टायर अशी गोल असते की कशीही टाका, आत पाणी राहतंच. वर सावली असते, आत पालापाचोळा असतो. डासीणबाईला याहून चांगलं बाळंतघर नाही.

ज्या वस्तूसाठी बायकांना ओलीस धरलं, जिच्यासाठी देशाच्या अध्यक्षाने रेडिओवर हात पसरले, तीच वस्तू चाळीस वर्षांत आजाराचं घर झाली. रबर तेच होतं. बदललं होतं ते एवढंच, की ते परत घ्यायला कुणाला परवडत नव्हतं.

आपल्या दारात

आपल्याकडे मात्र टायर इतक्या सहजासहजी मरत नव्हती. माझ्या आजोबांच्या पायात ट्रकच्या टायरची चप्पल असायची. जड, पण काट्याला दाद न देणारी. उसाच्या गाडीला ट्रकची जुनी चाकं लागली आणि लाकडी धावेची गाडी टायरगाडी झाली. ट्यूबच्या बादल्या झाल्या, पट्टे झाले. घासलेल्या टायरवर नवा थर चढवणारे कारखाने तालुक्याच्या गावी निघाले. हे सगळं परत वापरणंच होतं. फक्त त्याला कुणी मोठं नाव दिलं नव्हतं.

आज भारतात जुन्या टायरपासून रिक्लेम करणारे कारखाने आहेत. टायरचा भुगा डांबरात मिसळून रस्ते होतात, भुग्याच्या लाद्या आणि पायपुसणी होतात. २०२२ पासून सरकारने टायर बनवणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरची योग्य विल्हेवाट लावायची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे आपल्या अंगणातल्या टायरला परत एकदा धनी मिळाला आहे. पण ती अंगणातून निघून कारखान्यापर्यंत पोचली तर. वाटेत ती वीटभट्टीत, शेकोटीत किंवा होळीत गेली, तर गोष्ट तिथेच संपते.

आता सुरुवातीच्या धुराकडे येते. गुडइयरच्या चुलीवर रबरात गंधक मुरला. तो गंधक आजही आपल्या टायर-ट्यूबमध्ये आहे. आपण तो तुकडा चुलीत घालतो तेव्हा तोच गंधक वायू होऊन बाहेर पडतो. घसा चरचरतो तो त्याने. बरोबर काजळी असते, आणि अर्धवट जळलेल्या तेलकट वस्तूंचे विषारी अंश असतात. त्यांतले काही कर्करोगाला कारण होतात. चुलीपुढे कोण बसतं? आपण. आणि आपल्या मांडीवर कोण असतं, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून माझं गटातल्या बायकांना चार गोष्टींचं सांगणं आहे.

एक, चूल पेटवायला रबर नको. पावसाच्या आधी तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडं किंवा नारळाची किशी पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा. पेटवणापुरतं तेवढं पुरतं.

दोन, घरावर, परसात, गोठ्यामागे पडलेल्या टायर मोजा. पाणी साचत असेल तर आधी ओतून टाका. झाकणीखाली ठेवा, नाहीतर खालच्या बाजूला भोकं पाडा.

तीन, एकेकटीने विकू नका. एका टायरला भंगारवाला नाक मुरडतो. वीस घरच्या मिळून चाळीस झाल्या की तो टेम्पो घेऊन येतो. टायर वेगळी, ट्यूब वेगळी, चपला वेगळ्या ठेवा. बहुतेक ट्यूब वेगळ्या जातीच्या रबराच्या असतात आणि त्यांचा माल वेगळा निघतो. सगळ्या चपला रबराच्या नसतात, पुष्कळ प्लास्टिकच्या असतात. वेगळं केलेल्या मालाचा भाव मागता येतो, खिचडीचा मागता येत नाही.

चार, विकताना विचारा, हे कुठे जाणार? दळायला की जाळायला? उत्तर खरं मिळेलच असं नाही. पण विचारणारी बाई समोर आहे, हे त्याला कळू द्या.

पैसे फार मिळणार नाहीत, हे मी आधीच सांगते. कुणी तुम्हाला जुन्या टायरमधून लाखो मिळतील असं सांगितलं, तर या बोलण्यातलं १९४२ साल आठवा. ढीग मोठा होता, पण त्याने सगळं भागलं नाही. आपला फायदा आहे तो घरातला धूर कमी होण्यात आणि पावसाळ्यात तापाची साथ कमी होण्यात. वर चार पैसे गटाच्या पेटीत पडले तर चांगलंच.

आपण लुगडं फाटलं की ते टाकत नाही. त्याची गोधडी करतो, गोधडी फाटली की पायपुसणं करतो. रबराच्या बाबतीतही एवढीच रीत पाळायची आहे. काँगोतल्या त्या बायकांना मी कधी भेटणार नाही, मलायात पहाटे चीक धरणाऱ्या बाईलाही नाही. पण त्यांच्या कष्टाची वस्तू आपल्या दारात पडली आहे. तिचा धूर करायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

येते मी. पुढच्या वेळी परत भेटू. नमस्कार.